शंटचे उदरीय उपद्रव

जलशीर्ष या विकारात मेंदूच्या विवरांत साचलेला मस्तिष्कमेरुद्रव (मेंदू व कण्याभोवतीचा द्रव) कातडीखालून नेलेल्या सिलिकोन नळीने, म्हणजे शंटने, पर्युदर पोकळीत (पोटात आतड्यांभोवतीच्या पोकळीत) सोडतात. या नळीच्या पोटातील भागामुळे होणारे उपद्रव.

पर्युदरात द्रव सोडण्याच्या पहिल्या प्रयत्नाचे श्रेय सामान्यतः जर्मन शल्यचिकित्सक कौश (सु. १९०५) यांना देतात. शल्यचिकित्सक फर्ग्युसन यांनी १८९८ च्या सुमारास द्रव उदरात वळवला होता, पण कण्यातून. त्यामुळे पहिला कोण हा वाद मुख्यतः व्याख्येचा ठरतो. ही पद्धत रुळली ती सिलिकोन आल्यावर, १९६० च्या दशकाअखेर.

आभासी पुटी (द्रवाची पिशवी) हा सर्वांत चर्चिलेला उपद्रव. नळीच्या टोकाभोवती द्रव कोंडतो. भिंत तंतुमय ऊतीची व आतड्यांच्या बाह्यावरणाची असते, आतून अस्तर नसते, म्हणून ‘आभासी’. कारणाबद्दल एकमत नाही. मंद जंतुसंसर्ग, जुन्या शस्त्रक्रियांमुळे आतडी एकमेकांना चिकटणे, द्रवातील वाढलेली प्रथिने व सिलिकोनवर शरीराची प्रतिक्रिया अशी मते मांडली जातात. ताप नसला म्हणून संसर्ग नाही असे होत नाही. द्रवाच्या संवर्धनात (जंतू वाढतात का हे पाहण्याच्या चाचणीत) तो निर्जंतुक ठरेपर्यंत संसर्ग गृहीत धरणे अधिक ग्राह्य वाटते. निदान सोनोग्राफीने होते. नळी बाहेर काढून द्रव काही काळ बाह्य पिशवीत घेतात. संसर्ग गेल्यावर नवी नळी बसवतात. भिंत न बनता द्रव मोकळा साठल्यास जलोदर होतो.

आतड्याला छिद्र पडणे विरळ, पण घातक. नळी हळूहळू शिरते व भोवती तंतुमय आवरण बनते, म्हणून पोट कडक होणे, दुखणे ही पर्युदरदाहाची लक्षणे बहुधा दिसतच नाहीत. कधी आईलाच बाळाच्या गुदद्वारातून नळी डोकावताना दिसते. ती तशीच ओढू नये, कापूही नये. लगेच इस्पितळ गाठावे. शल्यचिकित्सक नळी पोटाच्या भिंतीपाशी तोडून खालचा तुकडा गुदद्वारातून काढतात, कारण वर ओढल्यास आतड्यातले जंतू मेंदूकडे जातात. आतड्यात राहणाऱ्या जंतूंनी मस्तिष्कावरणदाह झाला, तर छिद्राची शंका आधी घ्यावी.

अर्भकांत पर्युदराचा जांघेतला मार्ग उघडा असल्याने अंत्रगळ, अंडकोशात पाणी किंवा नळीच अंडकोशात उतरणे घडते. आतड्यास पीळ पडणे विरळ.

गोव्यात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा चालवणाऱ्या बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मेंदू शस्त्रक्रिया विभाग आहे. पेडणे, सत्तरी वा काणकोणातून येणाऱ्या पालकांना शंट अडल्याची लक्षणे म्हणून डोकेदुखी, उलट्या, सुस्ती सांगितली जाते. पोट फुगणे, पोटात गाठ लागणे हेही त्याच यादीत हवे, कारण वाट खाली अडली की पाणी वर डोक्यातच तुंबते.