तापलेल्या जोडापासून कुंपणापलीकडे : थर्मल कॅमेऱ्याची पार्श्वभूमी

उपकेंद्राच्या कुंपणावर आज दिसणारा, उष्णतेचे किरण टिपणारा थर्मल कॅमेरा मुळात पहाऱ्यासाठी तिथे आला नाही. वीजक्षेत्राने तो प्रथम स्वीकारला तो तारांचे तापलेले जोड शोधण्यासाठी. त्याच्या मर्यादा समजून घ्यायला हा क्रम लक्षात असलेला बरा.

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि न दिसणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, सापडले. १८८०च्या सुमारास सॅम्युएल लँग्ली यांनी बोलोमीटर तयार केला. त्यात किरण पडले की काजळी दिलेल्या प्लॅटिनमच्या पातळ पट्टीचा विद्युतरोध बदलतो, आणि तो बदल मोजायचा. पुढची प्रगती बरीचशी लष्करी गरजांतून झाली. १९६५मध्ये स्वीडनच्या आगा कंपनीने उच्चदाब वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी व्यावसायिक कॅमेरा आणला. त्याचा संवेदक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावा लागे. असे यंत्र तपासणीच्या फेरीपुरते ठीक, पण कुंपणावर बारा महिने चोवीस तास कसे ठेवणार?

हा अडसर दूर केला तो सूक्ष्मबोलोमीटरने. अमेरिकेच्या हनीवेल कंपनीने ऐंशीच्या दशकात व्हॅनेडियम ऑक्साइडचे हजारो बारीक बोलोमीटर एका चकतीवर बसवले. तत्त्व लँग्लींचेच, पण शीतकरणाची गरज नाही. १९९२मध्ये त्यावरची गोपनीयता उठली आणि कॅमेरे हळूहळू आवाक्यात आले.

जोड तपासताना होणाऱ्या चुका मात्र तेव्हापासून आजपर्यंत त्याच आहेत. कॅमेरा तापमान मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारे किरण मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. चकचकीत तांबे किंवा अॅल्युमिनियम फारच कमी किरण सोडते आणि उलट आभाळाचे प्रतिबिंब दाखवते, त्यामुळे पोळणारा जोड पडद्यावर थंड दिसू शकतो. म्हणून वीजपुरवठा बंद असताना जोडावर काळी विद्युतरोधी टेप लावून ठेवतात. तिची उत्सर्जकता, म्हणजे किरण सोडण्याची क्षमता (कमाल १), ०.९५च्या आसपास असते. दुसरी चूक भाराची, म्हणजे त्या वेळी वाहणाऱ्या प्रवाहाची. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. भार निम्मा असेल तर उष्णता चौथाईच. भार ४० टक्क्यांच्या खाली असताना घेतलेल्या ‘सगळे ठीक’ अहवालावर विसंबू नये. जोराच्या वाऱ्यातही जोड थंड होऊन दोष असाच लपतो. नुसता आकडा पाहण्यापेक्षा तिन्ही फेजमधल्या सारख्या जोडांची तुलना करावी. सारख्याच भाराखाली १५ अंशांहून अधिक फरक दिसला तर दुरुस्ती पुढे ढकलू नये.

कॅमेऱ्याचे तोंड कुंपणाबाहेर वळवण्याची निकड दाखवून दिली ती १६ एप्रिल २०१३च्या रात्रीने. कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ उपकेंद्राजवळ आधी भूमिगत ऑप्टिकल फायबर तोडले गेले, मग बाहेरून रायफलींनी रोहित्रांवर गोळीबार झाला. १७ रोहित्रे निकामी झाली. शीतक तेल गळून गेल्याने ती तापली आणि बंद पडली. हल्लेखोरांना आत शिरावेच लागले नाही. दृश्यप्रकाशातले कॅमेरे कुंपणालगत रोखलेले होते, त्यामुळे बाहेरच्या अंधारातले लोक त्यांत आलेच नाहीत. यानंतर अमेरिकेत महत्त्वाच्या पारेषण उपकेंद्रांच्या भौतिक सुरक्षेसाठी सीआयपी-०१४ हे बंधनकारक मानक आले. त्याला नोव्हेंबर २०१४मध्ये मंजुरी मिळाली.

पहाऱ्याचे गणित तपासणीहून वेगळे आहे. १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेतली, तर एक किलोमीटरवर एक पिक्सेल २४ सेंटिमीटर व्यापतो. उभा माणूस उंचीत सात-आठ आणि रुंदीत जेमतेम दोन पिक्सेल भरतो. काहीतरी आहे एवढे कळते; माणूस की जनावर, हे खात्रीने सांगता येत नाही. ‘एक किलोमीटर पल्ला’ असे छापलेले असते तेव्हा तो फक्त चाहूल लागण्याचा पल्ला आहे का, हे खरेदीआधी विचारून घ्यावे.

पहाटे आणि संध्याकाळी जमीन, भिंत आणि त्यांच्यापुढची वस्तू यांची तापमाने काही काळ जवळजवळ सारखी होतात आणि चित्र सपाट पडते. दाट धुक्यात पल्ला घटतो. हे कॅमेरे टिपतात ते ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण साध्या काचेतून जातच नाहीत, म्हणून लेन्स जर्मेनियमची असते. पावसापासून बचाव म्हणून पुढे काच बसवली तर कॅमेरा त्या काचेचेच तापमान दाखवत राहतो. या उणिवा भरून काढायला जोडीला रडार किंवा कुंपणावर कंपने टिपणारी फायबर लागते. ती फायबर आणि कॅमेऱ्याची केबल एकाच चरातून नेऊ नये, कारण मेटकाफला पहिला घाव संपर्काच्या तारांवरच पडला होता.