ई-२० पेट्रोल: खरी भानगड पाण्याची

देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं, म्हणजे अल्कोहोलचं, प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचलं; हेच ई-२०. हे उद्दिष्ट मुळात २०३० सालचं होतं. चर्चा मात्र मायलेजभोवतीच फिरते, आणि ते गणित सोपं आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे ई-२०च्या लिटरमध्ये ७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा गुण) जास्त, त्यामुळे वाढीव कॉम्प्रेशनच्या नव्या इंजिनात यातली थोडी भरपाई होते. जुन्या गाडीत नाही.

अवघड प्रकरण आहे ते पाण्याचं.

साखर काढून उरणारी मळी आंबवून मिळणाऱ्या द्रवात, म्हणजे वॉशमध्ये, अल्कोहोल असतं जेमतेम ८-१० टक्के. उरलेलं बहुतेक पाणीच. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी ९५.६ टक्क्यांपर्यंत मजल जाते. पुढे पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळू लागतात. पेट्रोलसाठी तर ९९.५ टक्क्यांच्या वरची शुद्धता हवी. म्हणून वाफ झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांतून सोडतात. मण्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग): पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेरच राहतो. एक टाकी पाणी शोषत असताना दुसरी निर्वात करून कोरडी केली जाते. वाफेबरोबर द्रवाचे थेंब आले की मणी फुटून भुकटी होते आणि शुद्धता घसरते.

एवढ्या खटाटोपाने काढलेलं पाणी पंपाच्या भूमिगत टाकीत किंवा दुचाकीच्या टाकीत परत शिरू शकतं. थोडं पाणी ई-२० पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं. इंजिनाकडे इंधन तळातूनच जातं. गाडी सुरू होत नाही, झालीच तर धक्के देते. वरून ताजं पेट्रोल ओतून हे सुधारत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे दमट हवेला जागा उरत नाही. कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या तळाचा स्क्रू सोडून इंधन काढून टाकावं. जुन्या गाड्यांतले नायट्राइल रबराचे पाइप आणि ओ-रिंगही तपासून घ्याव्यात. इथेनॉलने त्या फुगतात. फ्लुओरोइलॅस्टोमरच्या टिकतात. जुन्या टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टर चोंदणं हा सुरुवातीच्या काही टाक्यांतला नेहमीचा अनुभव.

शेतातलं पाणी यापेक्षा मोठं दुखणं. एक टन उसामागे सी-हेवी मळीतून (सगळी साखर काढून उरलेली) दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळतं, बी-हेवीतून (आधीच्या टप्प्यावरची, जास्त साखर असलेली) वीसच्या आसपास, पण तेवढी साखर घटते. थेट रस वळवला तर ७० लिटर, आणि साखर शून्य. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात उसापासूनच्या लिटरभर इथेनॉलला २,८६० लिटर पाण्याचा हिशेब आहे. मराठवाड्यात हा आकडा वाचून कुणालाही प्रश्न पडावा. साखर झाल्यावर उरलेल्या मळीचं इथेनॉल आणि इथेनॉलसाठीच लावलेला ऊस, दोन्हींना सरसकट ‘हरित’ म्हणणं पटत नाही.

२०२३ला पाऊस कमी झाला, डिसेंबरात इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यावर बंधनं आली, इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि त्याचा भाव वधारला. टनभर मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळतं. कमी पाण्याचं पीक म्हणून मका उजवाच, पण त्याचा भाव चढला की पोल्ट्रीचं खाद्य महागतं. उरणारा चोथा वाळवून पशुखाद्यात जातो, तिथे पुन्हा ओलावा आडवा येतो. १४ टक्क्यांहून ओला मका साठवला की बुरशी लागते. तिचं विष, अफलाटॉक्सिन, ऊर्ध्वपातनात नष्ट होत नाही. स्टार्च निघून गेल्यामुळे चोथ्यात या विषाचं प्रमाण मूळ दाण्याच्या सुमारे तिप्पट होतं.