सोलापूरची मराठी ख्रिस्ती मंडळी

सोलापूर शहरातील मराठीभाषक प्रॉटेस्टंट उपासकांचा समुदाय. अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आकाराला आला. या परंपरेतील शहरातली जुनी मंडळी ‘फर्स्ट चर्च’ या नावाने ओळखली जाते.

सोलापूरच्या शेजारी बीदर आणि कलबुर्गी येथे, तसेच दक्षिणेकडे बेळगावात, मेथडिस्ट या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या अमेरिकन मिशनरींचे काम पुढे मोठे झाले. सोलापुरातली जुनी मंडळी मात्र काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहण्याच्या, परंपरेतली आहे. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात आले, आणि १८६० नंतरच्या दशकात त्यांनी सोलापुरात मिशनचे ठाणे (केंद्र) उघडले. मेथडिस्टांचे भारतातील काम १८५६ मध्ये विल्यम बटलर यांच्या आगमनाने उत्तरेत सुरू झाले, तर मुंबईत ते १८७१-७२ मध्ये विल्यम टेलर यांच्या सभांमधून उभे राहिले. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये, असा संकेत मिशनांमध्ये सर्वसाधारणपणे पाळला जात असे. त्यामुळे जो आधी आला त्याची उपासनापद्धती त्या गावात रुजली. माणसे मात्र इतकी बांधलेली नव्हती. अमेरिकन बोर्डातर्फे १८४८ मध्ये मुंबईत आलेले जॉर्ज बोवेन हे टेलर यांच्या सभांनंतर मेथडिस्ट झाले.

दोन्ही परंपरांचा फरक श्रद्धेपेक्षा कारभारात अधिक दिसतो. मेथडिस्ट पद्धतीत पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या वार्षिक परिषदेत बिशप करतात आणि सभासदांचे छोटे वर्ग नेमून प्रत्येकावर एक पुढारी ठेवण्याची जुनी चाल आहे. काँग्रिगेशनल मंडळी आपला पाळक आपणच निवडते, वडील (एल्डर) व सेवक (डीकन) हे पदाधिकारी सभासदांमधून नेमते आणि स्वतःचा खर्च स्वतः चालवणे हे कर्तव्य मानते. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ मध्ये भारतातील ठाण्यांना भेट दिल्यावर स्वावलंबन, स्वशासन आणि स्वप्रसार ही त्रिसूत्री मिशनचे अधिकृत धोरण बनली, आणि इंग्रजी शाळांपेक्षा देशी भाषेतील उपदेशाला व देशी पाळकांना प्राधान्य मिळाले. अहमदनगरात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती याच काळात. सोलापूरचे ठाणे या धोरणानंतरचे असल्यामुळे तेथे आरंभापासून मराठी हीच उपासनेची भाषा राहिली, आणि तेलुगू, कन्नड व उर्दू घरोघर बोलल्या जाणाऱ्या शहरात ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्वावलंबनाचे सूत्र मात्र कागदावर जितके सोपे होते तितके व्यवहारात नव्हते, कारण सभासदांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले, मजुरीवर जगणारे होते आणि पाळकाचा पगार दीर्घकाळ मिशनच्या मदतीवरच अवलंबून होता.

मंडळीच्या वाढीला शहराच्या वाढीने हात दिला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. खेड्यातून गिरणीत आलेला माणूस गावकीच्या बंधनातून काही प्रमाणात सुटत असे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी जिल्ह्याची दैना केली. तेव्हा मिशनने मदतकार्य चालवले आणि अनाथ मुलांना आश्रय दिला. त्या कामाशी लॉरिन एस. गेट्स यांचे नाव जोडलेले आहे. दुष्काळात आलेल्या सभासदांना ‘पोटासाठी झालेले ख्रिस्ती’ म्हणून हिणवण्याची रीत होती. हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, पण मंडळीत राहून मुलांना शिकवणाऱ्या पुढच्या पिढ्यांविषयी तो काहीच सांगत नाही.

शिक्षणातले काम त्या मानाने अधिक टिकाऊ ठरले. मुलींसाठी वोरोनोको शाळा निघाली, आणि मेरी हार्डिंग यांनी बालवर्ग व बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग चालवला. ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारलेल्या लोकांसाठी सरकारने तारेच्या कुंपणात वसवलेल्या सेटलमेंटच्या व्यवस्थापनातही मिशनचा काही काळ सहभाग होता. सेवा आणि पहारा यांची तेथे झालेली सरमिसळ हा मिशनच्या इतिहासातला अवघड भाग आहे.

उपासनेचा साचा अमेरिकन असला तरी तिचा सूर मराठी आहे. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर ओवी-अभंगांच्या वळणाची विपुल गीते रचली, आणि भाषांतरित इंग्रजी चालींच्या जोडीने ती मराठी मंडळ्यांतून पेटी-तबल्यावर गायली जातात. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा अहमदनगरकडून आली. रविवारची उपासना, शब्बाथ शाळा, महिला मंडळ, तरुण संघ, प्रभुभोजन, नाताळ, उत्तम शुक्रवार असा वर्षाचा क्रम असतो. कापणीच्या सणाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव करून मंडळीच्या निधीत भर घालण्याची प्रथाही मराठी मंडळ्यांमध्ये आहे.

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर ते कोणता धर्म स्वीकारणार याची देशभर चर्चा असताना झालेले हे भाषण पुढे ‘जनता’ पत्रात प्रसिद्ध झाले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी त्यांनी आदर व्यक्त केला. दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. त्यांचा मुख्य रोख मात्र राजकीय उदासीनतेवर होता: शिकलेल्या ख्रिस्ती तरुणांनी शिक्षक, परिचारिका किंवा कारकून होऊन आपल्यापुरते पाहिले आणि अन्यायाविरुद्ध संघटित आवाज उठवला नाही, म्हणून वरच्या अधिकारपदांवर या समाजाची माणसे दिसत नाहीत. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते, हेही त्यांनी दाखवून दिले. सोलापूरच्या ख्रिस्ती समाजाचे हे रोखठोक परीक्षण होते.

संघटनेच्या पातळीवर नंतर बरेच बदल झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा ही संस्था तिच्या घटकांपैकी एक होती. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट या ऐक्यात आले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहणे पसंत केले आणि १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाले.

१९३८ च्या भाषणातील सवलतींचा प्रश्न १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने कायद्यात पक्का झाला, कारण त्यात या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. या आदेशाचा लाभ १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. धर्मांतरित दलित ख्रिस्ती अद्याप त्याच्या बाहेर आहेत.