नृत्य-इतिहासाची ऑनलाइन साधनं

गाण्याची रेकॉर्ड परत लावता येते, नाच मात्र केला की संपला, मागे उरतो तो शिकणाऱ्याच्या अंगात. म्हणून नाचाचा इतिहास जुनी पुस्तकं, देवळातली शिल्पं, थोड्याफार फिल्म असा तुकड्यातुकड्यात विखुरलेला आहे आणि त्यातलं बरंच आता नेटवर फुकट बघायला मिळतं.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने नाच शिकवणारी दोनशेहून जास्त जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत, त्यात १५८९ चं फ्रेंच ‘ऑर्केसोग्राफी’ पण आहे. एका पाद्रीने लिहिलेलं, गुरु-शिष्याच्या गप्पांसारखं, आणि सुरांच्या शेजारीच पावलं लिहिलेली, म्हणजे कुठल्या सुरावर कुठला पाय ते आजही वाचता येतं! आपल्याकडच्या ‘अभिनयदर्पण’ या अभिनय आणि हस्तमुद्रांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाचं आनंद कुमारस्वामींनी केलेलं १९१७ चं इंग्रजी भाषांतर इंटरनेट आर्काइव्ह या फुकट साइटवर आहे, हस्तमुद्रा शिकताना ते शेजारी उघडून ठेवावं, क्लासमध्ये पाठ केलेले श्लोक एकदम कळायला लागतात.

व्हिडिओत सगळ्यात मोलाचं म्हणजे जेकब्स पिलो या अमेरिकेतल्या नृत्यकेंद्राचं ऑनलाइन संग्रहालय. भरतनाट्यमच्या थोर नर्तिका बालासरस्वती १९६२ मध्ये तिथे नाचल्या होत्या. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये ‘बाला’ हा माहितीपट केला, त्यातलं समुद्रकिनाऱ्यावरचं ‘कृष्णा नी बेगने बारो’ या कन्नड पदावरचं नृत्य एकदा तरी शांतपणे बघाच, चेहरा आणि हात किती कमी हलतात आणि तरी किती सांगतात!

यूट्यूबवरच्या इतिहासाबद्दल मात्र सावध राहायला हवं. ‘भरतनाट्यम दोन हजार वर्षं जुनं’ असं सर्रास सांगतात, पण नाट्यशास्त्र हा नाट्य-नृत्यावरचा संस्कृत ग्रंथ जुना आहे म्हणून आजचा नाच तेवढाच जुना असं होत नाही. हा नाच आधी सदिर म्हणून ओळखला जायचा, देवदासी घराण्यांतल्या बायकांनी तो जपला, आजचा कार्यक्रमाचा क्रम तंजावरच्या चार भावांनी १९ व्या शतकात बसवला आणि भरतनाट्यम हे नाव १९३० च्या दशकात रूढ झालं. ज्या व्हिडिओत देवदासींचं नावच येत नाही तो इतिहास अर्धाच, बालासरस्वतीसुद्धा त्याच परंपरेतल्या.

मराठीत वाचायचं तर आधी मराठी विश्वकोश उघडावा, तोही नेटवर फुकट आहे. तिथे नावं, घराणी, मूळ ग्रंथ कळले की मग व्हिडिओ शोधायला सोपं जातं.