वनस्पती-मत्स्यटाकीसाठी फिल्टरची निवड

गोड्या पाण्याच्या ज्या टाकीत माशांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, लक्ष जिवंत पाणवनस्पतींकडे दिलेले असते तिला वनस्पती-मत्स्यटाकी किंवा प्लांटेड टँक म्हणतात. या टाकीसाठी फिल्टर निवडताना निव्वळ माशांच्या टाकीचे आडाखे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे घाणीचा निकाल लावण्याची भिस्त जवळजवळ पूर्णपणे फिल्टरवर असते. रोपांनी भरलेल्या टाकीत त्यातला मोठा वाटा रोपेच उचलतात आणि फिल्टरकडे मुख्यतः पाणी टाकीभर खेळते ठेवण्याचे काम उरते. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेली असते ती गाळण्याची क्षमता. तेवढीच पाहून फिल्टर घेणारा बरेचदा नको त्या गोष्टीचे पैसे मोजतो.

रोपे पाणी राखतात हे निरीक्षण जुने आहे. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली लंडनमध्ये एका पात्रात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. सडणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी सडका पाला फस्त केला आणि पाणी न बदलता पात्र टिकून राहिले. १८५० मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. तिथे फिल्टर नव्हता आणि पंपही नव्हता. आजच्या टाकीत तीव्र प्रकाश, खते, बाहेरून सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि दाटीने ठेवलेले मासे असतात, म्हणून यंत्राची मदत लागते.

अमोनियाचा जमाखर्च

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य, विष्ठा आणि गळलेली पाने कुजून त्यात भर पडते. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू व काही आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) अमोनियाचे नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराचे प्रकार २०१५ मध्ये ओळखले गेले. हे सूक्ष्मजीव बहुतांशी कशाला तरी चिकटून, पातळ थर धरून राहतात. फिल्टरमधला स्पंज हे त्यांचे एक ठिकाण झाले. माती, दगड, लाकूड, काच, रोपांची पाने आणि मुळे यांवरही ते तितक्याच सुखाने वाढतात.

शिवाय अनेक पाणवनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम उचलतात, कारण नायट्रेट वापरायचे तर त्याचे पुन्हा अमोनियम करण्यात त्यांची ऊर्जा खर्च होते. २५° से. तापमान आणि ७ सामू असताना पाण्यातील एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग माशांना घातक अशा मुक्त अमोनियाच्या रूपात असतो, बाकीचा अमोनियम असतो. सामू ८ झाला की घातक वाटा सुमारे ५ टक्क्यांवर जातो. त्यामुळे किंचित आम्लधर्मी पाण्याच्या, दाट लागवड केलेल्या टाकीत जैविक गाळणीसाठी, म्हणजे जिवाणूंकरवी अमोनिया निकालात काढण्यासाठी, फिल्टरमध्ये महागडी माध्यमे (स्पंज, सिरॅमिक नळकांडी यांसारखा भराव) भरण्याची वेळ क्वचितच येते.

नव्या टाकीची गोष्ट वेगळी. पोषक माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, अंथरली असेल तर ती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. रोपांनी तोवर मूळ धरलेले नसते आणि पाण्याबाहेर वाढवलेल्या रोपांची जुनी पाने गळत असतात. या काळात फिल्टरमधील जिवाणूंवरच सगळा भार येतो. जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला तर हा काळ बराच कमी होतो. अनुबियास, जावा फर्न यांसारखी मंद वाढणारी रोपेच ठेवलेली टाकी किंवा माशांची गर्दी असलेली टाकी असेल, तर जैविक गाळणी कायमच भक्कम हवी.

प्रवाह

हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. बुडालेल्या पानाला चिकटून जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. पान त्यातला वायू आणि पोषके संपवते आणि बाहेरचा पुरवठा त्या थरातून झिरपत यावा लागतो. पाणी हलते असले की हा थर पातळ होतो आणि पानाला अन्न लवकर मिळते. खते आणि वायू भरपूर देऊनही टाकीचा एखादा कोपरा रोडावलेला राहतो तेव्हा बहुधा तिथे प्रवाह पोचत नसतो. ते ओळखायला उपकरण लागत नाही. लाकडाच्या मागच्या बाजूला पानांवर करडा-तपकिरी गाळ बसलेला दिसतो आणि बोटाने हलवला तर तो उठून पुन्हा तिथेच बसतो. ठीक प्रवाहात टाकीतले प्रत्येक रोप किंचित डुलत असते. देठ एका बाजूला कायमचे वाकलेले असतील तर प्रवाह जास्त झाला असे समजावे.

पृष्ठभाग किती हलवायचा हे टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडला जातो की नाही यावर ठरते. हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात हा वायू लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. तो बाहेरून देणारे सहसा २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. इतका फरक असताना पाणी वरून धबाधबा पडत असेल तर दिलेला वायू हवेत उडून जातो. वायू न देणाऱ्या टाकीत उलट घडते. भरदुपारी रोपे पाण्यातला वायू समतोलाच्याही खाली आणतात आणि तेव्हा हलणारा पृष्ठभाग हवेतून थोडी भरपाई करून देतो. ‘रोपांच्या टाकीत पाणी मुळीच हलवू नये’ हा सल्ला त्यामुळे अर्धवट आहे. दोन्ही प्रकारांत निश्चल पृष्ठभागावर तेलकट साय धरते, वायूंची देवघेव मंदावते आणि रात्री, जेव्हा रोपेही प्राणवायू वापरत असतात, मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. वायू देणाऱ्या टाकीत पाणी न फोडता पृष्ठभागावर नुसती थरथर राहील असे पाहावे.

प्रकार

स्पंज फिल्टर हवेच्या पंपावर चालतो. बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी सोबत नेतात आणि त्याच्या जागी नवे पाणी स्पंजातून ओढले जाते. तो स्वस्त असतो, सहसा बिघडत नाही आणि कोळंबीची किंवा माशांची पिल्ले त्यात अडकत नाहीत. वायू न देणाऱ्या, ४०-५० लिटरपर्यंतच्या टाकीला याहून अधिक काही लागतेच असे नाही. मात्र त्याचा प्रवाह क्षीण असतो, बुडबुड्यांमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि काळा ठोकळा टाकीत नजरेला खुपतो.

काठावर टांगायचा हँग-ऑन-बॅक फिल्टर साफ करायला सर्वांत सोपा. त्याचे पाणी पन्हाळीसारखे पडते, त्यामुळे टाकीतली पातळी काठोकाठ ठेवली तरच वायूचा तोटा आटोक्यात राहतो. बाष्पीभवनाने पातळी दोन बोटे उतरली की आवाजही वाढतो. पाण्यात बुडवून ठेवायचा छोटा अंतर्गत फिल्टर याच पंक्तीतला, पण जागा अडवतो आणि लवकर तुंबतो.

कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर, सहसा खालच्या कपाटात ठेवलेला बंद डबा. पाणी एका नळीने त्यात उतरते, माध्यमांच्या थरांतून जाते आणि पंप ते दुसऱ्या नळीने परत पाठवतो. रोपांच्या मध्यम व मोठ्या टाक्यांसाठी तोच सर्वांत सोयीचा, आणि त्याचे मुख्य कारण त्याच्या नळ्या आहेत. बाहेर पडणारे पाणी हव्या त्या दिशेला, हव्या त्या खोलीवर सोडता येते. भोके पाडलेला स्प्रे-बार किंवा काचेचा रुंद तोंडाचा लिली पाइप लावून प्रवाह सौम्य करता येतो. परतीच्या नळीवर कार्बन डायऑक्साइड विरघळवणारा रिअ‍ॅक्टरही जोडता येतो. जपानी मत्स्यटाकी-रचनाकार ताकाशी अमानो यांच्या निसर्गशैलीच्या टाक्यांमुळे काचेचे असे पाइप सर्वपरिचित झाले. ते दिसतात देखणे, पण आतून शेवाळतात आणि धुताना फुटतात.

संप, म्हणजे खाली ठेवलेली दुसरी टाकी, खूप मोठ्या मांडणीसाठी ठीक आहे. पण ओसंडून खाली पडणारे पाणी वायू गमावते. रेतीखालचा अंडरग्रॅव्हल फिल्टर रोपांच्या टाकीत टाळलेलाच बरा, कारण बारीक माती त्याच्या फटींत शिरते, मुळे जाळीत गुंततात आणि साफ करायचे तर सगळी लागवड उपसावी लागते.

आकारमान

ताशी टाकीच्या किती पट पाणी फिरते यावर फिल्टर मोजण्याचा प्रघात आहे. वायू न देणाऱ्या टाकीला ताशी ३ ते ५ पट पुरते. वायू देणाऱ्या, तीव्र प्रकाशाच्या टाकीसाठी ५ ते १० पट धरतात. ६० × ३० × ३६ सें.मी.च्या टाकीचे घनफळ सुमारे ६५ लिटर होते. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता पाणी ५० लिटरांच्या आसपास राहते. तिला प्रत्यक्षात ताशी ३०० ते ४०० लिटर फिरवणारा फिल्टर पुरेल. इथे ‘प्रत्यक्षात’ या शब्दावर जोर आहे. खोक्यावरचा आकडा सहसा रिकाम्या डब्याचा असतो. माध्यमे भरल्यावर, नळ्या जोडल्यावर आणि महिनाभर गाळ साचल्यावर प्रवाह बराच कमी, कधी निम्म्यापर्यंत उतरतो. म्हणून थोडा मोठा फिल्टर घेऊन, गरज पडल्यास झडपेने तो आवरणे शहाणपणाचे. झडप मात्र परतीच्या नळीवर आवळावी, ओढणाऱ्या नळीवर नव्हे.

कॅनिस्टर जितका खाली तितका त्याचा जोर कमी होतो, असे सर्रास सांगितले जाते. दोन्ही नळ्या पूर्ण भरलेल्या आणि परतीचे तोंड पाण्यात असेल तर उतरणाऱ्या पाण्याचे वजन चढणाऱ्या पाण्याला तोलते. पंपाला उरतो तो घर्षणाचा विरोध, म्हणजे लांब, अरुंद, पिळलेल्या नळीचा आणि तुंबलेल्या स्पंजाचा. संपच्या पंपाला मात्र उंचीची पूर्ण किंमत मोजावी लागते.

माध्यमे

पाणी आधी जाड छिद्रांच्या आणि मग बारीक छिद्रांच्या स्पंजातून जावे. क्रम उलटा झाला तर बारीक थर काही दिवसांत गच्च होतो. सिरॅमिक नळकांडी वाईट नाहीत, पण जाहिरातीतले त्यांचे अवाढव्य पृष्ठफळ कागदावरच राहते, कारण आतली सूक्ष्म छिद्रे जिवाणूंच्या थराने बुजतात आणि खोलवर प्राणवायू पोचत नाही. साधा स्पंज गाळ धरतो आणि जिवाणूंनाही पोसतो. रासायनिक माध्यमे तर कारण असेल तरच घालावीत. सक्रिय कोळसा औषधाचा उरलेला अंश किंवा लाकडातून उतरलेला पिवळा रंग काढायला उपयोगी पडतो. झिओलाइट अमोनियम शोषते आणि फॉस्फेट काढणारी माध्यमे फॉस्फेट, म्हणजे दोन्ही रोपांच्या तोंडचा घास पळवतात. एका हाताने खत घालायचे आणि दुसऱ्याने ते गाळून काढायचे, यात काही हशील नाही.

मासे आणि मांडणी

बेटा आणि गुरामी संथ पाण्यातले मासे. लांब परांच्या बेटाला जोराचा झोत सतत थकवतो. डॅनिओंना प्रवाह मानवतो. कोळंबी असेल तर ओढणाऱ्या तोंडावर स्पंजाचे टोपण हवेच, पण ते दर आठवड्याला पिळले नाही तर सगळा प्रवाह तिथेच अडतो. आत-बाहेरच्या दोन्ही नळ्या एकाच बाजूला ठेवल्यास झोत लांबीभर जाऊन समोरच्या काचेवरून खाली वळतो आणि मातीलगत परत येतो, त्यामुळे बहुतेक आयताकृती टाक्यांत हीच मांडणी जमते.

देखभाल

स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळावा, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते. सगळी माध्यमे एकाच दिवशी धुऊ नयेत. निरोगी गाळाला ओल्या मातीसारखा वास येतो. कुजक्या अंड्यांचा वास आला तर आत प्राणवायू संपलेला आहे. कॅनिस्टरसाठी दर किती दिवसांनी, असा ठोकताळा उपयोगाचा नाही, परतीचा झोत मंदावलेला दिसला की तो उघडावा.

फिल्टर रात्रीही चालू ठेवायचा असतो. वीज काही तास गेली तर बंद डब्यातले जिवाणू आतला प्राणवायू संपवतात. खंड लांबला असेल तर वीज आल्यावर डब्यातले पाणी ओतून, स्पंज खळबळून मगच तो सुरू करावा. हवेच्या पंपाच्या नळीत एकदिशा झडप नसेल तर वीज जाताच पाणी उलटे पंपात उतरू शकते. कार्बन डायऑक्साइडची झडप विजेवर चालणारी असेल तर ती आपोआप मिटते. हाताने फिरवायची झडप उघडी राहिली तर फिल्टर थांबलेला आणि वायू चालूच अशी अवस्था होते, आणि अशा टाकीतले मासे काही तासांत गुदमरू शकतात.