निर्वासितांच्या रेशनमधला शेंगदाणा

१९९० साली आफ्रिकेतल्या मलावी देशात निर्वासितांच्या छावण्यांत मका येत होता, चुली पेटत होत्या, माणसं रोज जेवत होती. तरीही त्यांच्या अंगाची कातडी सोलून निघत होती. शेजारच्या मोझांबिकमध्ये १९७७ पासून यादवी युद्ध चाललं होतं आणि जीव वाचवून सीमा ओलांडलेल्यांचा आकडा नऊ लाखांच्या आसपास गेला होता. मलावी हा स्वतःच गरीब, चिंचोळा देश. त्याने एवढ्या लोकांना आसरा दिला, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

छावणीतल्या रेशनमध्ये मुख्यतः मका असे, सोबत थोडं कडधान्य, तेल, साखर, मीठ आणि शेंगदाणे. १९८९ मध्ये शेंगदाण्याचा पुरवठा तुटला. बाकीचं रेशन चालू होतं, त्यामुळे वरवर पाहता फार काही बिघडलेलं नव्हतं. पण काही महिन्यांतच लोकांच्या हातांवर, पावलांवर आणि मानेभोवती, म्हणजे जिथे जिथे ऊन लागतं तिथे, काळपट चट्टे उठू लागले. मग जुलाब सुरू झाले. काहींना भ्रम होऊ लागला. हा पेलाग्रा होता. १९९० मध्ये या छावण्यांत त्याचे सुमारे १८ हजार रुग्ण नोंदले गेले.

पेलाग्रा होतो तो नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या अभावाने. अन्नातून ऊर्जा काढून घेण्याचं काम शरीरातल्या प्रत्येक पेशीत अखंड चालू असतं आणि त्यासाठी लागणारे काही रेणू नायसिनपासून बनतात. नायसिन संपलं की ज्या पेशी सतत झिजतात आणि नव्याने तयार होतात त्यांना आधी फटका बसतो: कातडी आणि आतड्याचं अस्तर. ऊर्जेची मोठी भूक असलेला मेंदूही मग मागोमाग बिघडतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

मक्यात नायसिन नसतं असं नाही. असतं, पण त्यातलं बरंचसं दाण्यातल्या तंतुमय पदार्थांना असं घट्ट चिकटलेलं असतं की आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले आहेत. चुन्यामुळे ते नायसिन मोकळं होतं, म्हणूनच मका हेच मुख्य अन्न असूनही तिथे पेलाग्रा पसरला नाही. मका जगभर गेला, पण चुन्याची ही रीत त्याच्याबरोबर गेली नाही. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या डॉक्टरने या रोगाचं पहिलं वर्णन लिहिलं, तेही मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना पाहून.

शरीराकडे आणखी एक वाट असते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून ते स्वतः थोडं नायसिन बनवू शकतं. पण हिशोब महागाचा आहे: सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमधून १ मिलिग्रॅम नायसिन. शिवाय मक्याच्या प्रथिनात नेमकं ट्रिप्टोफॅनच कमी. शेंगदाणा या दोन्ही बाबतींत श्रीमंत आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात १२ मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असतं आणि प्रौढ माणसाची रोजची गरज १४ ते १६ मिलिग्रॅमची. म्हणजे रोजची मूठभर शेंगदाण्यांची वाटणी या लोकांना रोगापासून वाचवत होती, आणि ती थांबेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

छावण्यांत पुढे जी पाहणी झाली तिच्यातून दिसलं की ज्यांच्या घराशेजारी भाजीचा वाफा होता, ज्यांना कुठून तरी शेंगदाणे किंवा मासळी मिळत होती, जे मका घरीच दळून खात होते, ते बऱ्यापैकी बचावले. पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग कितीतरी पटीने जास्त झाला. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवण्याच्या क्रियेत स्त्री-संप्रेरकांमुळे अडथळा येतो, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. शेवटी नायसिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या आणि मक्याच्या पिठात नायसिन मिसळायला सुरुवात झाली.

दख्खनच्या ज्वारीपट्ट्यातल्या वाचकाला पेलाग्रा अगदीच परका वाटायचं कारण नाही. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी दाखवून दिलं की नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्येही पेलाग्रा होतो. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचं प्रमाण जास्त असतं आणि त्यामुळे नायसिनचा मेळ बिघडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. या स्पष्टीकरणावर पुढे बराच वाद झाला. पण ज्याच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी असते त्याला भीती नसते, आणि ज्याच्या ताटात भाकरीशिवाय काही नसतं त्याला असते, एवढं त्यातून नक्की समजलं.

युद्धाने विस्थापित झालेल्या माणसाचं नेमकं हेच होतं. गावात असताना गरिबातला गरीबही दहा ठिकाणांहून खातो: बांधावरची रानभाजी, ओढ्यातली मासळी, शेजारणीने दिलेलं ताक, परसातली शेवग्याची शेंग. कॅलरी कमी पडल्या तरी जीवनसत्त्वं कुठून ना कुठून मिळत राहतात. छावणीत आल्यावर हे सगळं तुटतं आणि दर महिन्याला मिळणारं पोतं हाच त्याचा पूर्ण आहार होतो. त्या पोत्यात जे नाही ते त्याच्या शरीराला मिळतच नाही. १९८० च्या दशकात सोमालिया, सुदान आणि इथिओपियातल्या छावण्यांमध्ये स्कर्व्ही पसरला होता. बोटींवरच्या खलाशांचा म्हणून पुस्तकात शिकलेला हा रोग. धान्य, डाळ आणि तेल यांत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, आणि छावणीभोवतीच्या ओसाड जमिनीत लिंबूही नव्हतं आणि पालाही नव्हता.

मदत संस्था आज माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी हे प्रमाण धरतात. जागतिक अन्न कार्यक्रमाचा एक नमुना असा आहे: धान्य ४०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम, तेल २५ ग्रॅम, मका-सोयाचं पोषक पीठ ५० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम आणि मीठ ५ ग्रॅम. तेलात अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेलं, मिठात आयोडीन, पिठात लोह आणि ब जीवनसत्त्वं. या यादीतलं मका-सोयाचं पीठ हे खरं तर भाजीपाल्याची जागा भरून काढण्यासाठी असतं. निधी आटला की अनेकदा पहिली कात्री अशाच वस्तूंना लागते, कारण नुसतं धान्य स्वस्त पडतं आणि कॅलरींचा आकडा फारसा पडत नाही. मलावीचा अनुभव माहीत असताना ही काटकसर करणं मला अक्षम्य वाटतं.

धान्य हातात आलं तरी ते पोटात जायला दळण लागतं, सरपण लागतं, पाणी लागतं. गिरणीचे पैसे नाहीत म्हणून रेशनमधलाच काही वाटा विकावा लागतो. सुदानच्या दार्फुर प्रांतात सरपणासाठी छावणीबाहेर गेलेल्या बायकांवर हल्ले झाले, बलात्कार झाले. रेशन विकणाऱ्यांना लबाड ठरवायची घाई अनेकांना असते. पण चार किलो धान्य विकून आणलेले टोमॅटो, कांदे आणि वाळवलेली मासळी हाच त्या घरातला जीवनसत्त्वांचा एकमेव पुरवठा असू शकतो. जिथे बाजार चालू आहे तिथे धान्याऐवजी रोख रक्कम देण्याकडे अलीकडे कल वाढला आहे, तो याच कारणाने. बाजारात काय घ्यायचं हे त्या घरातल्या बाईला नक्कीच जास्त कळतं.

पण मूल एकदा फार खंगलं की रेशन पुरं पडत नाही. इथे पुन्हा शेंगदाणाच कामी आला. १९९० च्या दशकापर्यंत तीव्र कुपोषित मुलांना रुग्णालयात ठेवून खास दुधावर वाढवत. त्या दुधाची भुकटी पाण्यात कालवावी लागे, आणि छावणीतलं पाणी म्हणजे जुलाबाला आमंत्रण. १९९६ मध्ये आंद्रे ब्रियां हे फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आणि मिशेल लेस्कान यांनी मिळून वेगळा मार्ग काढला: वाटलेला शेंगदाणा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं यांची दाट पेस्ट. चवीला शेंगदाण्याच्या कुटाच्या लाडवाच्या जवळ जाणारी. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे ५०० किलोकॅलरी. दुधाचे आणि साखरेचे कण तेलात गुरफटलेले असतात आणि पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे जंतू वाढायला वावच मिळत नाही. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, फ्रिज लागत नाही. पाकिटाचा कोपरा फाडायचा आणि मुलाने ते चोखून खायचं.

या पेस्टवरचे काही महत्त्वाचे प्रयोग झाले ते मलावीतच. तिथेच तयार केलेली पेस्ट घरी नेऊन खाल्लेली मुलं आणि जुन्या पद्धतीने उपचार घेतलेली मुलं यांची तुलना २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. ठरवलेल्या वजनापर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण पेस्टच्या गटात ७९ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४६ टक्के. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ही पद्धत अधिकृत केली. सहा ते आठ आठवड्यांच्या उपचाराला एका मुलामागे साधारण १५० पाकिटांचा एक खोका लागतो.

कोणाला पाकीट द्यायचं हे ठरवणारं साधन म्हणजे कागद-प्लास्टिकची एक पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. १२५ मिलिमीटरच्या वर हिरवा रंग, ११५ ते १२५ पिवळा, त्याखाली लाल. मग दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही सेकंद दाबून बघतात. खळगा तसाच राहिला तर सूज आहे, म्हणजे धोका. त्यानंतर आईच्या मांडीवर बसवून मुलाला थोडी पेस्ट चाटवतात. खाल्ली तर घरी जाऊ द्यायचं. तोंड फिरवलं तर दाखल करायचं, कारण तीव्र कुपोषणात भूक मरणं हे शरीर आतून कोलमडत असल्याचं लक्षण असतं.

दाखल झालेल्या मुलाला मात्र लगेच भरपूर खायला घालून चालत नाही. ही गोष्ट माणसाला फार मोठी किंमत मोजून कळली. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या नाझींच्या बेर्गन-बेल्सेन छळछावणीत शिरलं आणि त्यांनी कणव येऊन आपल्याकडचं सैनिकी अन्न भुकेल्या कैद्यांना दिलं. सुटकेनंतर तिथे सुमारे १४ हजार माणसं मेली. त्यांतली पुष्कळशी टायफस आणि आधीच्या उपासमारीने गेली, पण काहींचा जीव त्या जड अन्नानेच घेतला. मग त्यांना १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं दूध, पीठ, साखर आणि मीठ यांचं मिश्रण देऊन पाहिलं, पण ते इतकं गोड होतं की अनेकांना ते खाववेना.

उपाशी शरीर चरबी जाळून जगतं आणि इन्सुलिन खाली जातं. पेशींमधली खनिजं हळूहळू गळत राहतात. अचानक साखर-पिठाचा मारा झाला की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींकडे ओढलं जातं. रक्तातला साठा तळाला जातो आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. म्हणून अशा मुलाला पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, १०० मिलिलिटरमध्ये फक्त ७५ किलोकॅलरी असलेलं दूध देतात. त्यात प्रथिनंही मुद्दाम कमी, जेमतेम १ ग्रॅम ठेवलेली असतात, कारण थकलेलं यकृत आणि मूत्रपिंड जास्त प्रथिनं झेपवू शकत नाहीत.

आता सुदान. शेंगदाणा पिकवणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांपैकी हा एक, आणि दार्फुर हा त्याचा शेंगदाण्याचा मुलूख. १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी संघटना यांच्यात युद्ध पेटलं. दार्फुरमधल्या अल-फाशर शहराजवळच्या झमझम छावणीत किमान पाच लाख माणसं अडकली. १ ऑगस्ट २०२४ ला तिथे दुष्काळ जाहीर झाला. हा शब्द सहजासहजी वापरला जात नाही. पाचातलं एक कुटुंब अन्नावाचून असावं लागतं, दर दहातली तीन मुलं तीव्र कुपोषित आणि दर दहा हजारांत रोज दोन मृत्यू, असा निकष असतो.

आरएसएफच्या वेढ्यात सापडलेल्या अल-फाशरमध्ये लोक अंबाझ खाऊन जगले. अंबाझ म्हणजे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची पेंड, आपण गुरांना घालतो तीच. पेंडीत प्रथिनं चांगली असतात, नायसिनही असतं. पण उपाशी शरीराला आधी लागते ती चरबीतली ऊर्जा घाण्यात निघून गेलेली असते, आणि जास्त प्रथिनं तर खंगलेल्या मुलाला उलट बाधतात. त्यात पेंडीला बुरशी लवकर धरते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालतं. दाणा, तेल, साखर, दूध एकत्र आलं तर औषध होतं, आणि त्याच दाण्याची उरलेली पेंड मुलाला वाचवू शकत नाही.

सुरक्षा परिषदेने १३ जून २०२४ ला ठराव करून वेढा उठवायला सांगितलं. तो उठला नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला अन्न आणि मुलांच्या पोषणाचा माल घेऊन १५ ट्रकांचा काफिला पोर्ट सुदानहून सुमारे १८०० किलोमीटर चालून आला. वर्षभरात अल-फाशरला पोचणारा तो पहिला ठरला असता. शहराच्या अलीकडे अल-कोमा इथे त्यावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले आणि माल जळाला. २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर आरएसएफच्या हाती पडलं. दुसऱ्या दिवशी पळून पश्चिमेकडच्या ताविला गावी पोचलेल्या पाच वर्षांखालच्या ७० मुलांच्या दंडाला पट्टी लावली गेली. सगळीच्या सगळी तीव्र कुपोषणाच्या टप्प्यात होती, आणि निम्म्याहून अधिक जणांची पट्टी लाल रंगावर थांबली.