चित्रकथा-समीक्षा

चित्रकथा-समीक्षा : कॉमिक्स, वृत्तपत्रांतील चित्रपट्ट्या, मांगा (जपानी चित्रकथा) आणि चित्रकादंबऱ्या यांचे विश्लेषण, मूल्यमापन व रसग्रहण करणारी समीक्षेची शाखा. चित्र आणि मजकूर एकाच पानावर एकमेकांच्या आधाराने अर्थ घडवतात. त्यामुळे ही शाखा साहित्यसमीक्षेकडून काही घेते, कलासमीक्षेकडूनही काही घेते. पान वाचण्याची सवय मात्र तिला स्वतःच कमवावी लागते. कथानक सांगून झाले, पात्रांचे स्वभाव सांगून झाले, विषयाचे सामाजिक महत्त्व पटवून झाले आणि चित्रांसाठी शेवटी ‘चित्रे प्रभावी आहेत’ एवढेच वाक्य उरले, तर ते चित्रकथेचे परीक्षण म्हणता येत नाही. या शाखेने जेव्हा जेव्हा मोठा पल्ला गाठला, तेव्हा कोणीतरी एखादे पान समोर ठेवून ते संथपणे वाचलेले आहे.

पहिला जाणता समीक्षक स्वतः चित्रकारच होता. जिनीव्हातील शिक्षक रोडोल्फ टोप्फर (१७९९–१८४६) याने विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रकथा काढल्या. वृद्ध गटेने त्या पाहून मनापासून दाद दिली होती. टोप्फरने १८४५ मध्ये मुखचर्येवर एक निबंध लिहिला. चार रेषांत काढलेल्या चेहऱ्यालाही स्वभाव कसा मिळतो आणि भुवई किंवा हनुवटी किंचित हलवली की तो स्वभाव कसा पालटतो, हे त्याने शेजारी शेजारी चेहरे काढून दाखवले. चित्रकथेविषयीचे म्हणणे चित्रांतूनच मांडण्याची ही रीत पुढेही टिकली.

अमेरिकेत १९२४ साली गिल्बर्ट सेल्डिस या समीक्षकाने लोकप्रिय कलांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात जॉर्ज हेरिमनच्या ‘क्रेझी कॅट’ या चित्रपट्टीला स्वतंत्र प्रकरण दिले. उंदीर मांजराला वीट मारतो, मांजराला तो प्रेमाचा संदेश वाटतो, कुत्रा पोलीस होऊन उंदराला पकडतो. गोष्ट एवढीच, आणि हेरिमन तीच १९१३ पासून १९४४ पर्यंत काढत राहिला. तिच्यातली पार्श्वभूमी मात्र चौकटीगणिक बदलते. पात्रे जागची हलत नाहीत, पण मागचे डोंगर आणि झाडे बदलत जातात. रोजच्या वर्तमानपत्रातल्या अशा कामाला त्या काळातील अमेरिकेच्या उत्तम कलेत बसवायला धाडस लागत होते, आणि ते सेल्डिसने केले.

यानंतरचा टप्पा खटल्याचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांनी १९५४ मध्ये गुन्हेगारी व भयकथांची कॉमिक्स मुलांना बिघडवतात, असा आरोप करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. शीर्षकात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द वापरायलासुद्धा बंदी आली. वर्दम यांना निव्वळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यांनी अल्प शुल्काचे उपचारकेंद्र चालवले होते, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात त्यांची साक्ष उपयोगी पडली होती. पण त्यांचे वाचन सदोष होते. पुस्तकात त्यांनी छापलेली चित्रे म्हणजे पानातून उचललेल्या सुट्या चौकटी होत्या. आधीची चौकट काय होती, नंतर काय घडते, हे वाचकाला कळायला मार्ग नव्हता. पुढे त्यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली. ती तपासून कॅरोल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की मुलांच्या जबान्याही अशाच कापलेल्या, जोडलेल्या आणि बदललेल्या होत्या. चौकट आणि जबानी, दोन्ही संदर्भातून तोडलेली.

युरोपात वारे वेगळे होते. फ्रान्समध्ये १९६२ पासून रसिकांची मंडळे उभी राहिली. ‘नववी कला’ हे बिरुद १९६४ च्या सुमारास क्लोद बेली या समीक्षकाच्या लेखनातून आणि ‘लकी ल्यूक’चा निर्माता मॉरिस याच्या लेखमालेतून रुळले, आणि १९६७ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात चित्रकथांचे प्रदर्शन भरले. पण बिरुदापेक्षा मोलाचे काम इटलीत उंबेर्तो एको यांनी केले. १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ‘स्टीव्ह कॅन्यन’ या अमेरिकी चित्रपट्टीचे १९४७ मधील पहिले पान घेतले आणि एकेक चौकट उलगडली : नायकाचा चेहरा आपल्यापासून किती वेळ लपवला जातो, कॅमेरा कोणाच्या नजरेने फिरतो, फुग्यातले संवाद कोणती घाई करतात. ज्या पानावरून वाचक मिनिटभरात पुढे जातो, त्याला असा वेळ देता येतो आणि तो सार्थकी लागतो, हे त्यातून सिद्ध झाले.

याच जातीचा, आणि माझ्या मते या साऱ्या परंपरेतला सर्वांत शिकवणारा लेख अमेरिकेत लिहिला गेला. बर्नार्ड क्रिगस्टाइन या चित्रकाराची ‘मास्टर रेस’ ही कथा १९५५ मध्ये, आचारसंहितेच्या तडाख्यात सापडलेल्या ईसी कॉमिक्सने छापली होती. छळछावणीचा एक माजी अधिकारी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसतो, समोर आलेला माणूस त्याला ओळखीचा वाटतो, भूतकाळ उसळतो आणि पळता पळता तो गाडीखाली जातो. क्रिगस्टाइनला या कथेसाठी सहा पाने दिली होती. त्याने बारा मागितली, आठ मिळाली. मग त्याने तयार पाने कापून चौकटी पुन्हा चिकटवल्या आणि कमी जागेत अरुंद उभ्या चौकटींची दाटी केली. शेवटी गाडी धडधडत जाते तेव्हा खिडकीतला तोच चेहरा चिरफाळून पुन्हा पुन्हा दिसतो. जॉन बेन्सन, डेव्हिड कासाकोव्ह आणि आर्ट स्पीगलमन यांनी १९७५ मध्ये या आठ पानांचे चौकटीनिहाय विवरण केले. एकच क्षण अनेक अरुंद चौकटींत विभागला की तो ताणला जातो, हे त्यात सिद्धान्ताच्या भाषेत न सांगता दाखवलेले आहे. स्पीगलमनने पुढे नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी सांगणारी ‘माउस’ काढली. १९९२ मध्ये तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले, आणि विद्यापीठांनी चित्रकथेसाठी दार उघडले ते मुख्यतः तिच्यामुळे. ‘माउस’वर आज प्रचंड लेखन आहे, पण त्यातले बरेचसे स्मृती आणि इतिहास यांविषयी आहे. स्पीगलमनने पाने छपाईच्याच आकारात, साध्या फाउंटन पेनने काढली. चित्र लहान करून छापले की रेषा सुबक दिसते, तो सुबकपणा त्याला नको होता. हा निर्णय त्या स्मृतीइतकाच महत्त्वाचा आहे.

सिद्धान्तांमध्ये सर्वाधिक वाचला गेला तो स्कॉट मॅक्लाउड यांचा, १९९३ चा, आणि तोही चित्रकथेच्याच रूपात. दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत वाचक स्वतः घटना पूर्ण करतो, हे त्यांचे मुख्य सूत्र. एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार त्यांनी सांगितले. जपानी कथांत एकाच जागेच्या निरनिराळ्या अंगांवर नजर रेंगाळते, तशी ती अमेरिकी साहसकथांत सहसा रेंगाळत नाही, हे त्यांचे निरीक्षण आजही कामाचे आहे. त्यांच्या व्याख्येला चित्रांचा क्रम लागतो, त्यामुळे एकचौकटी व्यंगचित्र बाहेर राहते, शि. द. फडणीसांच्या शब्दरहित चित्रांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही व्याख्या अपुरी वाटणारच. फ्रान्समध्ये तिएरी ग्रोनस्टीन यांनी १९९९ मध्ये शेजारच्या चौकटीपलीकडे पाहिले. पाचव्या पानावरचे एखादे चित्र पन्नासाव्या पानावरच्या चित्राशी कसे गुंफले जाते, ते त्यांनी मांडले. जपानमध्ये नात्सुमे फुसानोसुके यांनी १९९० च्या दशकात मांगाकार तेझुका ओसामु यांच्या रेषा स्वतःच्या हाताने गिरवून त्यांचा अभ्यास केला. गिरवताना हात कुठे वेगाने जातो आणि कुठे अडतो, यातून चित्रकाराची मनःस्थिती आणि काळानुसार बदललेली रेषा कळते. पेन हातात घेतलेल्या समीक्षकालाच हे सुचू शकते.

भारतात चित्रकथेवरचे गंभीर लेखन प्रामुख्याने ‘अमर चित्र कथा’भोवती झाले. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालेवर नंदिनी चंद्र आणि कार्लीन मॅक्लेन यांचे ग्रंथ आहेत. देव गोरे आणि असुर काळे का, स्त्रिया त्यागमूर्तीच का, राष्ट्राचा इतिहास कोणाच्या नजरेतून सांगितला जातो, हे प्रश्न त्यांच्यामुळे ठळक झाले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण ज्यांनी ही पाने भरली ते राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारखे महाराष्ट्रातले चित्रकार त्या चर्चेत मागेच राहिले.

दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची चित्रे असलेल्या ‘भीमायन’ने (२०११) समीक्षेपुढे वेगळाच पेच टाकला. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेली ही कथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर टिपणांवर आधारलेली आहे. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुले, मसूर स्टेशनवर जात कळताच पालटलेली वागणूक, रात्रभर न मिळालेले पाणी. परधान गोंड परंपरेतल्या या चित्रकारांनी पात्रांना चौकोनांत कोंडायला नकार दिला. घराच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या दिगना या नक्षीनेच त्यांनी पान विभागले. आगगाडी इथे साप होऊन येते. सोसणाऱ्यांच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, तर अपमान करणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी आहे. न बोललेल्या विचाराच्या फुग्यात डोळा आहे. मॅक्लाउड यांची मोकळी जागा या पानांत सापडत नाही. नजर नक्षीच्या वळणाने फिरते आणि एकाच पानावर काळाचे दोन थर शेजारी नांदतात. अशा वेळी ‘याला कॉमिक्स म्हणावे का’ हा प्रश्न वांझ ठरतो. व्याख्येलाच पानाप्रमाणे रुंद व्हावे लागते. नांगीचा फुगा कोणाच्या तोंडून निघतो आणि कोणत्या पानावर तो अचानक दिसेनासा होतो, हे जो टिपेल, त्याला अस्पृश्यतेच्या भाषेविषयी काही नवे सांगता येईल.

मराठीत व्यंगचित्राच्या रसग्रहणाची परंपरा सशक्त आहे. वसंत सरवटे यांनी चित्रे काढता काढता देशी-परदेशी व्यंगचित्रकारांच्या रेषेवर आणि विनोदाच्या घडणीवर सविस्तर लिहिले. टोप्फरप्रमाणेच तेही करणारे आणि समजावून देणारे होते. क्रमवार चित्रकथेला मात्र असा रसिक फारसा लाभला नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला आणि एका पिढीच्या सकाळीचा भाग झाला. त्याच्या लोकप्रियतेविषयी बोलले जाते. शेवटच्या चौकटीआधीची शांतता, मुलाच्या उंचीवरून दिसणारे घर, मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवरची मोजकी रेषा यांविषयी लिहिणे बाकी आहे. त्यासाठी लागणारी सामग्री वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींत आणि वाचकांनी जपलेल्या कात्रणांत आहे. वाईरकर आणि मुळीक यांची पुस्तके तर अजूनही छापली जातात. वाईरकरांची गर्दीची पाने आणि मुळीकांची युद्धाची पाने शेजारी ठेवून कोणाचा घोडा कसा वळतो, कोणाची शाई कुठे दाट होते, एवढ्यापासून या कामाला सुरुवात करता येईल.